लेकीच्या खोलीतली रोपं

२० फेब्रुवारी

एक अख्खी ओळ आडवी! काल संध्याकाळी ताठ उभी होती, आज सकाळी मातीला टेकलेली. खोड मातीपाशी दोऱ्याइतकं बारीक, तपकिरी. मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानातून भिंग आणलं होतं, ते लावून बघितलं. कळलं काय — तर मेलीत.

हे म्हणाले, "पाणी जास्त झालं. माझंच चुकलं." इतक्या हळू म्हणाले की मलाच कसंतरी झालं. म्हटलं, "होतं असं. टोमॅटोच आहेत."

टोमॅटोच आहेत, हे म्हणायला सोपं. गेल्या वर्षी कॅन्सरमुळे ह्यांच्या फुप्फुसाचा तुकडा काढला. तेव्हापासून बस चालवणं बंद, जड उचलणं बंद, सिगरेट बंद. उरलं काय, तर मी आणि टीव्ही. लेक नोकरीला परगावी, तिची खोली रिकामी. या महिन्याच्या सुरुवातीला ह्यांनी तिथे खिडकीपाशी ट्रे मांडले नि बी पेरलं. तेव्हापासून घरात शीळ ऐकू येते. फार वर्षांनी!

२१ फेब्रुवारी

आणखी एक ओळ गेली. पाणी बंद, पंखा चालू.

२७ फेब्रुवारी

उरलेली जगली, पण लुकडी. उजेडासाठी माना लांब करून बसलीत. शेजारच्या सुतारभावजींनी फळ्या ठोकून काचेला लागून उंच टेबल करून दिलं. ह्यांचे जुने दोस्त, हाक मारायचा अवकाश. "वहिनी, आता ऊनच ऊन. माझ्या दुकानातसुद्धा एवढं येत नाही."

हे एकेक रोप दह्याच्या रिकाम्या डब्यात हलवत होते. पानाला धरायचं, खोडाला नाही — मला शिकवलं. ज्या हातांनी आयुष्यभर बसचं स्टिअरिंग ओढलं ते हात. रोप उचलतात कसं, तर डोळ्यातलं कुसळ काढावं तसं.

गल्लीत प्रत्येकाला रोप कबूल करून बसलेत!

५ मार्च

खालची पानं पिवळी. लेकीला फोटो पाठवला. तिने शोधून सांगितलं, "आई, नत्र कमी आहे. किंवा पाणी कमी. किंवा मग पाणी जास्त." वा! म्हणजे काहीही. खत घातलं.

७ मार्च

खत जास्त झालं. पानांची टोकं जळली. आगीतून फुफाट्यात.

१२ मार्च

आता नवीनच. वरची कोवळी पानं चट्ट्याचट्ट्यांची — मध्येच गडद हिरवी, मध्येच फिकट. आकसलेली. काही तर इतकी अरुंद की गाजराचा पाला वाटावा. आधी दोनच डब्यांत होतं. आज मोजायचं सोडून दिलं.

लेक म्हणाली मॅग्नेशियम. भावजी म्हणाले किडे. मी म्हटलं ऊन लागलं. मॅग्नेशियम घातलं, साबणाचं पाणी फवारलं, पडदा ओढला. ढिम्म फरक नाही.

हे आज दोनच घास जेवले. खोकलाही आहे — डब्यांत मातीबरोबर घालतात त्या नारळाच्या भुश्याची धूळ, दुसरं काय. तोंडाला फडकं बांधा म्हटलं. ऐकतील तर शपथ!

१६ मार्च

दुकानातून अर्धी सुट्टी. पिशवीत पानं घेऊन शेतकी कॉलेजात गेले. तिथे झाडांच्या रोगांची डॉक्टरीण बसते. आपल्या लेकीएवढीच असेल. पान वाटून त्यात एक पट्टी बुडवली. दोन रेघा उमटल्या. मला वाटलं, चला, रोग सापडला, आता औषध मिळेल.

"विषाणू आहे," ती म्हणाली.

"फवारायचं काय?"

"काही नाही, काकू. विषाणूला औषध नसतं. मुळासकट उपटा, पिशवीत बांधा, फेकून द्या. खतात नका घालू."

मग तिने विचारलं, "घरात कोणी सिगरेट ओढतं का?"

"ओढायचे. आता नाही. वर्ष झालं."

"येणाजाणारं कोणी? तंबाखूतून हा हाताला लागतो आणि हातातून रोपाला. बियांतूनही येतो कधी, खात्रीने नाही सांगता येणार. पण रोपांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवा, मग दुधात बुडवा."

"दुधात?"

"हसू नका. खरंच उपयोग होतो."

मी कुठे हसत होते?

१७ मार्च

ह्यांना अर्धंच सांगितलं. रोग आहे, औषध नाही. सिगरेटचं बोलले नाही — आधीच बिचारे हात बांधल्यासारखे बसलेत, आणखी कशाला? "ज्यांची पानं बरी आहेत ती तरी राहू देत," म्हणाले. बरी-वाईट वेगळी करत बसले. सारखा एखादा डबा इकडून तिकडे, परत इकडे.

माझ्या मनात मात्र पक्कं. भावजी! टेबल त्यांनी केलं, डबे त्यांनी उचलून लावले. आणि दुकानामागे धूर काढत बसतात ते सगळ्या गल्लीला माहीत.

१८ मार्च

भावजींना फैलावर घेतलं. "तुमच्या सिगरेटीच्या हातांनी आमची रोपं मेली!"

रंधा हातातच राहिला त्यांच्या. "मी? वहिनी, मी दिवाळखोर असेन, खोटारडा नाही. बायको गेली त्या साली सोडली मी. शपथेवर सांगतो."

"मग मागे धूर कुणाचा असतो?"

खाली बघून फळीवरचा भुसा फुंकायला लागले. भुसा नव्हताच.

घरी कशी आले आठवत नाही.

१९ मार्च

ह्यांचे शर्ट हुंगले. सगळे. साबणाचा वास. नुसता साबणाचा — धुऊनच टाकतात की काय बाहेरून आल्यावर! लेकीला दिलेला शब्द. ऑपरेशनच्या खोलीत नेताना तिचा हात धरून दिला होता.

विचारायचं होतं. जेवताना तीनदा तोंड उघडलं. तीनदा मीठ मागितलं.

२० मार्च

लेकीच्या खोलीच्या दाराशी स्टूल ठेवलं, त्यावर दुधाचं वाडगं. म्हटलं, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. आत जाताना प्रत्येकाने हात धुवायचे, मग ह्यात बुडवायचे."

वाटलं होतं, हसतील. थट्टा करतील — रोपांना दूध, मला बिनसाखरेचा चहा! किंवा निदान विचारतील, का म्हणून?

काही विचारलं नाही. बाही वर केली नि दोन्ही हातांची बोटं दुधात धरली. किती तरी वेळ. माझ्याकडे बघितलं नाही.

२३ मार्च

आज बघितलं.

दुकान लवकर सुटलं. भावजींच्या मागच्या अंगणात गेले, मुद्दामच. फळ्यांच्या ढिगावर बसले होते हे, पाठमोरे. खांदे किती उतरलेत! सदरा दुसऱ्याचा घातल्यासारखा. एक झुरका, मग खोकला, मग वाट बघायची, मग परत झुरका. चोरून ओढणारा माणूस घाई करतो. ह्यांना काही घाई नव्हती.

जाऊन हातातून हिसकावून घ्यायची, असं ठरवून गेले होते. भावजी आतल्या दारात उभे होते. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली — नका, म्हणून. मी परत फिरले. त्यांचं ऐकून का फिरले? अजून राग येतोय. कुणाचा तेही कळत नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा कसे आहेत?"

"मजेत."

"आणि रोपं?"

तिथे मात्र मला रडू फुटलं. ती म्हणाली, "अगं आई, टोमॅटोसाठी कुणी रडतं का?"

२५ मार्च

बऱ्या रोपांवरही चट्टे. सगळ्यांवर! आता एकसुद्धा उरलं नाही.

उपटायला बसलो. मी उपटायची, ह्यांनी पिशवी धरायची. मुळं पांढरीशुभ्र, छान पसरलेली. अशी मुळं बघून वाटतं, ह्याला काय झालंय? एका रोपाला तर कळी आली होती. ते ह्यांनी पिशवीत पडू दिलं नाही. वरच्या वर झेललं, परत डब्यात खोचलं, माती दाबली.

"त्याचंही पान खराब आहे हो," मी म्हटलं.

"असू दे. एक राहू दे."

"वाचणार नाही ते."

"माहीत आहे."

मग खोली पुसली. ट्रे उकळत्या पाण्यात घातले. गल्लीतल्यांना काय सांगायचं, ह्यावर थोडं बोललो. हे म्हणाले, "बाजारातून आणून देऊ." दम लागला होता, तरी स्टूल स्वतः उचलून ठेवलं.

२६ मार्च

आज विचारलंच. विचारलं कसलं, ओरडले. तोंडाला येईल ते बोलले. लेकीला शब्द दिलात, माझ्याशी खोटं वागलात, मला भावजींवर आळ घ्यायला लावलंत. एवढं कापून, शिवून उभं केलं त्यांनी तुम्हाला! पुन्हा मरायचंय का?

हे खिडकीपाशी त्या एका डब्याजवळ बसले होते. माझं संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "तपासणीला एकटाच गेलो होतो ना. परत आलंय. दुसऱ्या बाजूलाही आहे. डॉक्टर म्हणाले, आता ओढल्या काय नि न ओढल्या काय."

"कधी?"

"जानेवारीत."

जानेवारीत. आणि बी पेरलं फेब्रुवारीत.