आत्याबाईंचा पगार नामंजूर झाला, त्याची हकीकत

खर्डा, ता. जामखेड
११ मे १९९७

सौ. सीमावन्सं यांना जयमालाचा सविनय जयभीम. तुमच्या पाठीला आता उतार असेल. इकडे आत्याबाई, हे आणि पोरं खुशाल आहेत. (खुशाल आहोत, हीच अडचण झाली.)

तुमच्या दादांना कुणीतरी सांगितलं, की म्हाताऱ्या माणसांना सरकार दर महिन्याला पगार देतं. चौकशी केली तर कळलं, घरात सांभाळणारं कुणी नसेल तरच देतं. म्हणजे आई लेकाच्या घरी दोन वेळ जेवत असेल तर काही नाही, अन् लेकानं हाकलली तर सरकार धावून येतं! हे म्हणाले, हाकलायचं नाही, नुसतं लिहायचं. तसा अर्ज लिहून त्यांनी आत्याबाईंचा अंगठा घेतला, पण आत काय लिहिलंय ते सांगितलं नाही.

परवा तलाठी भाऊसाहेब चौकशीला आले. मोटारसायकलचा आवाज ऐकताच ह्यांनी मला, दोन्ही पोरांना आणि स्वतःला कडब्याच्या गंजीमागं दडवलं. अंगाला कुसळं टोचतायत आणि धाकटा सम्राट विचारतोय, राज्य कुणावर आहे? समोर ओट्यावर आत्याबाई एकट्याच. (पण धुवट लुगडं, केसांना तेल. मीच सकाळी न्हाऊ घातलेलं, ते ध्यानातच आलं नाही.)

भाऊसाहेबांनी मोठ्यानं विचारलं, "आजी, तुमाला सांबाळायला कुनी न्हाई ना?"

आत्याबाई ताडकन उठल्या. "कोन म्हनलं आसं? त्याच्या तोंडात किडं पडूत!" (ह्यांनी तोंडावर हात धरला.) "माजी सून हाय! दात न्हाईत म्हनून दुदात भाकर कुस्करून देती. कंबर मोडली तवा पोटच्या लेकीनं केलं नस्तं, ते तिनं केलं. लिवा कागदावर. जयमाला नाव हाय तिचं." (वन्सं, हे शब्द त्यांचे, माझे नव्हेत.)

पंधरा वर्षं या घरात आहे. आजवर त्यांच्या तोंडून भाकरीला पापुद्रा आला नाही, एवढंच ऐकलं होतं. मला हुंदका आवरेना. हे "गप, गप" म्हणत राहिले, पण मी केसात कडबा घेऊन तशीच बाहेर आले आणि आत्याबाईंचे पाय धरले. मागून सम्राट ओरडत आला, "आई आऊट!" शेवटी हेही आले. (लाज वाटून नव्हे, शिंक आली म्हणून.)

भाऊसाहेबांनी चहा घेतला आणि लिहिलं, "सून जयमाला उत्तम सांभाळ करते." अर्ज नामंजूर. रेशनकार्डावर मी अजून 'जयमल' आहे, पण या कागदावर नाव बिनचूक आलं. संध्याकाळी आत्याबाई म्हणाल्या, "तलाठ्याच्या च्यात साखर लई टाकलीस."

कळावे, लोभ आहेच.

तुमची भावजय,
जयमाला

ता. क. : पगार हवा होता तो आत्याबाईंच्या डोळ्यांसाठी. मोतीबिंदू पिकलाय. तुमच्या सावेडीत डॉक्टर जवळ. ऑपरेशन करून महिनाभर ठेवून घ्याल का? डोळ्यात थेंब, अंघोळ आणि पातळ जेवण, एवढंच बघायचं.

ता. क. २ : वरचं आत्याबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "सीमाला न्हाई जमायचं. जयमाला संगं आली तर जाते." तेव्हा येत्या सोमवारी पहिल्या यष्टीनं आम्ही दोघी निघतोय.

ता. क. ३ : आता हे विचारतायत, तुम्ही दोघी गेल्यावर आमच्याकडं कोण बघणार? पोरांनाही सुट्टीच आहे. पाच माणसांचा भात जास्तीचा टाका.