चिंगीच्या शाळेचं मी ठरवलंय

अहो,

माझ्या शाळेत आज परीक्षा आहे, म्हणून लवकर निघतेय. चिंगीचा डबा ओट्यावर ठेवलाय.

काल तिच्या शाळेचं बोलणं अर्धवट राहिलं, कारण मी चिडले. ती खाजगी शाळा चांगली आहे, मान्य. तिच्या वर्गात वीस मुलं, माझ्या वर्गात साठ. तिथे पुस्तकं मुलांच्या हाताला येतात, आमच्याकडे कपाटाला कुलूप. पण त्यांना मैदान नाही, पोरं गच्चीवर खेळतात. शिवाय सगळी एकाच थरातली, भांडायलासुद्धा वेगळं कोणी नाही.

खरं सांगू? माझ्या पोटात दुखतंय ते मैदानावरून नाही. बुटाची नाडी बांधायला मी तिला महिनाभर शिकवत होते. तिच्या वर्गाच्या बाईंनी एका दुपारीत शिकवलं! आता उठता बसता ‘आमच्या बाई असं म्हणतात’. साठ पोरं दिवसभर माझ्या मागे ‘बाई, बाई’ करतात, आणि घरातली एक माझं ऐकत नाही.

असो. पुढच्या वर्षीही तिथेच राहू दे तिला. फक्त सोडायला रोज तुम्हीच जा. फाटकाशी माझा हात झटकून ती त्या बाईंकडे जी धाव घेते, ती मला बघवत नाही.