एकदाच वाचून दाखवायचे

मी इंद्रजित पुंडलिकराव गौरकार, वय चोवीस, शिक्षण सहावी, राहणार मुकुटबन, सध्या कच्छात विजेच्या टॉवरवर कामाला. दारू प्यालेलो नाही, कोणी धमकावलेलं नाही, डोकं जागेवर आहे. घरच्यांना हे पटणार नाही. मागच्या आठवड्यात सोबत काम करणारा रामधन टॉवरवरून पडून गेला, म्हणून आजच लिहून ठेवतो.

१. माझी मोटारसायकल बाबांना, पण एका अटीवर. बाबा एका दमात चार कामं सांगत. दुसरं ऐकेपर्यंत माझ्या डोक्यातून पहिलं जाई. "काय म्हटलं?" विचारलं की पाठीवर कपाशीची वाळकी पऱ्हाटी. "म्या दोनदा सांगत नसतो बे!" बोंडअळी पडली तरी म्हणाले, "याचं ध्यान नाही म्हनून पडली." अळी अख्ख्या तालुक्यात होती, तालुका काही मी राखत नव्हतो.

तर हा कागद बाबांना एकदाच वाचून दाखवायचा. "काय?" असं विचारलं की गाडी माझ्यासोबत टॉवरवर असणाऱ्या सेवादासची. बाबांना आता डाव्या कानाने ऐकू येत नाही. वाचणाऱ्याने डावीकडे उभं राहावं.

२. आई बेबीताई पाहुण्यांपुढे मला बहिरा म्हणे. तिला माझा फोटो. त्याच्याशी बोलावं, फरक पडणार नाही.

३. नट आवळायचे पाने आणि कमरेचा पट्टा मुकादम देवीलालना. ते खालून एकच काम सांगतात, मी वरून तेच परत बोलतो, मगच पाना फिरतो. चार महिन्यांत एक चूक नाही. रामधन त्या दिवशी परत बोलला नव्हता.

४. दोन एकर वावर आणि बँकेतलं सगळं बायको ममताला, बिनशर्त. दिवाळीनंतर माहेरी आर्णीला जाताना ती स्टँडवर कितीतरी वेळ बोलत होती. मी टायर बदलणाऱ्याकडे पाहत "हो हो" म्हटलं.

"काय म्हनलं मी? सांगा बरं."

मला सांगता आलं नाही. ती गाडीत बसली, परत आली नाही. फोनवर म्हटलं, "एकेक वाक्य सांग, मी परत बोलतो."

"पोपट झाले काय तुम्ही?" हसली आणि फोन ठेवला. तीनदा विचारलं. तीही दोनदा सांगत नाही.

५. ममताने माझ्या प्रेताजवळ स्टँडवरचं ते एकदा सांगावं. मी परत बोललो नाही, तर खरंच मेलो समजून उचलावं.

साक्षीदार: देवीलाल चव्हाण, सेवादास राठोड. दोघांकडून प्रत्येक कलम परत बोलवून घेतलं, मगच सह्या.

भुज, ४ मार्च २०१८
सही: इंद्रजित