जेराल्डरावांचं बाळंतपण

बेसिंगस्टोक,
जानेवारीची अखेर

ती. सौ. लीलाताईस,

वैजयंतीचा शिरसाष्टांग नमस्कार. (पत्रात आपण साष्टांग सवयीने घालतो, पण या खेपेस मी तो खरोखर घातलेला आहे, तोही बर्फावर, आणि समोर देव नव्हता, घोडा होता. सविस्तर पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची शुगर आटोक्यात आहे ना, की संत्र्याची बर्फी अजून फ्रीजमधून आपोआप कमी होते? नागपुरात म्हणे सकाळी स्वेटर लागतो आणि तुम्ही त्याला कडाक्याची थंडी म्हणता. म्हणा बापडे. इकडे देवयानी आणि बाळ दोघं सुखरूप आहेत. बाळाचं नाव देव ठेवलंय, मालिश करून घेताना अगदी जमीनदारासारखा पडून राहतो. मायराला भाऊ आवडला, त्याचं रडणं आवडलं नाही. जावईबापू परीक्षित आठवडाभर ऑफिसच्या कामाला केंब्रिजला असतात, शनिवारी येऊन डायपर बदलतात आणि किल्ला जिंकल्यासारखे दमून झोपतात. क्षेम एवढंच. बाकी पत्रात सगळी भीतीच आहे, तेव्हा पाणी पिऊन वाचायला बस.

देवयानीने घोडा पाळलाय हे तू फोटोत पाहिलं आहेस. फोटोत घोडा गोंडस दिसतो, कारण फोटोत तो हलत नाही. मी बाळंतपणाला आले त्या आठवड्यात मला त्याच्यासमोर नेऊन उभं केलं आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'अहो'. काळापांढरा डोंगर, परातीएवढे खूर, पायांना झालर लावल्यासारखे केस, आणि नाव काय तर जेराल्ड. (इथे माणसांच्या मुलींना फुलाफळांची नावं ठेवतात आणि घोड्याला एखाद्या रिटायर्ड हेडक्लार्कचं.) एवढ्या आकाराला अरेतुरे करायची माझी छाती झाली नाही. तेव्हापासून ते माझ्यासाठी जेराल्डराव आहेत. चाळीस चाळीस पोरांचे वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणारी मी, पण जेराल्डरावांनी नाक फुरफुरवलं की मीच गप्प. मायरा मला धीर देते. "आजी, जेराल्ड खूप चांगली आहे, तो कधी चावला नाही कोणाला." तिच्या मराठीत तो कधी तो असतो, कधी ती, पण दात तेवढेच असतात.

जेराल्डराव राहतात हेझलबाईंच्या शेतावर, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. रात्री तबेल्यात, आणि सकाळ झाली की कुरणात सोडायचं, मग आभाळातून काहीही पडत असो. हे सोडणं चुकवायचं नाही. गेल्या हिवाळ्यात ते आत उभे राहून राहून त्यांना पोटशूळ उठला आणि मरता मरता वाचले. घोड्याला म्हणे उलटी होत नाही, पोटात काही अडकलं की अडकलंच. मायरा त्या वेळी जेवत नव्हती, असं देवयानी सांगते. देवयानी गरोदर झाल्यापासून हेझलबाईच त्यांना सोडायच्या. मग बर्फ पडला, अर्धा वितळला, त्यावर पाऊस पडला आणि सगळं एकदम गोठलं. ज्यांचा जन्म त्या चिखलाबर्फात गेला त्या हेझलबाई दारातच घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या.

फोन आला तशी देवयानी उठली आणि बूट शोधायला लागली. पोटावरचे टाके अजून ओले, सव्वा महिना व्हायचाय, कानाला रुमाल नाही, आणि ही बूट शोधते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर तुला माझी शपथ आहे, मी काय मेले का, मी सोडते तुझ्या घोड्याला. रागात माणूस काय वाटेल ते बोलतं. ती हे ऐकून चक्क खाली बसली आणि म्हणाली, "थँक यू, आई." शब्द परत घ्यायची सोयच राहिली नाही.

ताई, तबेल्यापासून कुरणाच्या फाटकापर्यंत उताराचा रस्ता आहे. त्या सकाळी तो रस्ता नव्हताच, आरसा होता. मी कडेला कुंपण धरून उभी राहिले आणि मला माझं सगळं पुढचं आयुष्य त्यात दिसलं. खुबा मोडलेला, इथल्या इस्पितळात मी पडलेली, सकाळी टोस्ट आणि उकडलेले बीन्स समोर, आणि माझी ओली बाळंतीण एका हातात बाळ घेऊन दुसऱ्या हाताने मला पाणी पाजते आहे. मी जेराल्डरावांना म्हटलं, अहो, असल्या हवेत शहाणी माणसं बाहेर पडत नाहीत, आज घरीच बसा.

पण मी त्यांना तसंच टाकून आले असं समजू नकोस. आपल्या घरात चौघींची बाळंतपणं मी काढली, आत बसवलेल्या जिवाचं काय करायचं हे मला कुणी शिकवायला नको. दाराची वरची फळी लावून घेतली. फटीत पोतं कोंबलं, वारा लागू नये म्हणून. अंगावर एक झूल होती, आणखी दोन चढवल्या. पाण्याची बादली बर्फासारखी गार, ती उचलून बाहेर ठेवली आणि थर्मासमधलं घोटभर कोमट पाणी पाजलं. मग भिजवलेले हरभरे, त्यात गुळाचा खडा, आणि वर डिंकाचे लाडू. (लाडू देवयानीसाठी केले होते. ती म्हणते तिला गोड नको झालंय. खारीक, खोबरं, काजू, साजूक तूप, टाकून कसे द्यायचे?) लाडू घेताना जेराल्डरावांनी माझ्या तळहातावर असा गरम श्वास सोडला की पाचही बोटं मी मनातल्या मनात देवाला वाहून टाकली. बोटं राहिली, डबा संपला. देवयानीने घरी विचारलं, कसा आहे जेराल्ड? मी म्हटलं, मजेत आहेत. सोडलं का, असं तिने विचारलंच नाही, आणि मी तरी आपणहून कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी शाळा बर्फामुळे बंद, म्हणून मायरा बरोबर आली. दार उघडलं तर जेराल्डराव भिंतीकडे तोंड करून उभे. गवताला तोंड लावलेलं नाही. मान वळवून सारखे आपल्या पोटाकडे बघतात, पुढचा खूर जमिनीवर आपटतात, झुलींखाली घामाने भिजलेले. मायरा खाली बघून पांढरी पडली. "आजी, पू नाही. त्यानी रात्रभर पू नाही केली." लीद नाही, म्हणजे काय ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती रडायलाच लागली. लेकीचा घोडा, नातीचा जीव, आणि मारेकरी मी, लाडवांचा रिकामा डबा पिशवीत घेऊन उभी.

मायराने डॉक्टरला फोन लावला. बाई होत्या, फार शांत. रस्ते गोठलेत, यायला वेळ लागेल, तोवर खाणं बंद, कोमट पाणी भरपूर, जादा झुली काढा, आणि त्याला कुरणात नेऊन चालवा, तिथे भुसभुशीत बर्फ आहे, पाय धरेल. म्हणजे शेवटी त्या आरशावरूनच जायचं. हेझलबाई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून खिडकीतून ओरडत होत्या की उकिरड्यावरचा लिदीचा पेंढा वाटेवर पसरा. म्हणजे सडाच की, ताई. ते मला येतं. फावडं घेऊन मी आणि मायराने तबेल्यापासून फाटकापर्यंत लीद आणि भिजका पेंढा पसरला. मग खुरांच्या तळव्यांना तेल लावायचं असतं, नाहीतर बर्फाचे गोळे चिकटतात आणि घोडा खडावा घातल्यासारखा लटपटतो. मायराने एकेक पाय उचलून धरला आणि मी बाळाच्या मालिशचं बदामाचं तेल चोळलं. (एवढ्या मोठ्या तळव्याला कुणी मालिश केलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही.)

मग म्होरकीला दोर लावला आणि निघालो. मायराला मी कुंपणापलीकडून चालायला लावलं, ते ओझं कुणाच्या अंगावर आलं तर माझ्याच यावं म्हणून. त्या वाटेवर मी जेवढं देवाचं नाव घेतलं तेवढं सगळ्या आयुष्यात घेतलं नसेल. मी म्हणत होते, अहो सावकाश, अहो पाय बघून टाका, अहो माझ्याकडे बघू नका. निम्म्या वाटेत पेंढा संपून बोडका बर्फ लागला, आमचा सडा तिथे कमी पडला होता. माझा पाय गेला. काही कळायच्या आत मी पालथी, कपाळ, छाती, हात, गुडघे, सगळं शास्त्रानुसार जमिनीला टेकलेलं, आणि डोळ्यांसमोर जेराल्डरावांचा पुढचा खूर. दोर हातात तसाच. मी डोळे मिटून घेतले आणि म्हटलं संपलं. बराच वेळ काहीच झालं नाही. डोळे उघडले तर ते जागच्या जागी उभे, एक पाऊल हललेले नाहीत, पोटात कळ असून. मान खाली घालून माझ्या कानटोपीचा वास घेत होते. मी त्यांच्या पायाच्या झालरीला धरून उठून बसले, मग आयाळीला धरून उभी राहिले. खुबा शाबूत होता. मी रडत होते ते पुढे फाटकात लक्षात आलं.

कुरणात गोल गोल चालवलं. मायरा एका बाजूला, मी दुसऱ्या, बोटं बधिर, नाक कुणाचं आहे ते कळेना. आणि मग जेराल्डराव थांबले, शेपूट वर झाली, आणि झाली लीद. बाळाने दोन दिवसांनी शी केली की घरात जो आनंद होतो तो तुला माहीत आहे, तो दसपट करून बघ. मायरा माझ्या गळ्यात पडली. डॉक्टरबाई आल्या, पोटाला नळी लावून ऐकलं, इंजेक्शन दिलं, म्हणाल्या वेळेत चालवलंत म्हणून बरं. मग विचारलं, काय खाल्लं होतं? मी खारकेपासून खसखशीपर्यंत सगळं सांगितलं. त्या आपल्या हातमोज्यांकडे बघत राहिल्या. यापुढे रोज, म्हणजे रोज, बाहेर सोडायचं, असं बजावून गेल्या.

तेव्हा आता रोज सकाळी तोच उतार आणि तीच मी. सोडण्याआधी घोड्याचं तोंड फाटकाकडे वळवायचं असतं, नाहीतर सुटल्याच्या आनंदात मागच्या लाथा आपल्या छातीवर बसतात. परवा मी वळवायला विसरले, नाल माझ्या पदरावरून गेला. (हो, कोटाखाली नऊवारी नाही तरी पाचवारी असतेच.) कुंडातलं पाणी गोठतं, ते हातोडीने फोडावं लागतं, नाहीतर पाणी कमी पडून पुन्हा पोट धरतं. हवामान खातं म्हणतं, ही थंडी अजून बरीच पुढे आहे. पुढच्या महिन्यात ठरल्याप्रमाणे मी परत येणार आणि माझ्या जागी परीक्षितच्या आई, आपल्या मधुमतीबाई, येणार. हेझलबाईंचं मनगट तोवर काही जुळत नाही. म्हणजे हे सगळं मधुमतीबाईंच्या गळ्यात येणार. त्यांची कंबर आधीच नाजूक. मला तर विचारानेही झोप लागत नाही.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि चार पायांच्या सर्व मंडळींपासून तुमचं रक्षण होवो.

तुझी धाकटी,
वैजी

ता. क. (हा कागद मुद्दाम वेगळा आहे.) वरचं पत्र मधुमतीबाईंना घरी बोलावून, चहा देऊन, मोठ्याने वाचून दाखव. लाडवांचा भाग गाळू नकोस. माझ्या फजितीवर त्या वर्षभर हसतील, हसू देत. पडण्याचं मात्र दोनदा वाच. लाथेचं थोडं वाढवलंय, कळू देऊ नकोस. त्यांचं तिकीट अजून पुढे ढकलता येतं आणि माझ्या व्हिसाला अवकाश आहे. पाडव्यापर्यंत वैजयंतीनेच राहावं, असं त्यांनी आपणहून म्हणायला हवं.

ता. क. आणखी एक. कारण तू विचारणारच. त्या दिवशी घरी आले तेव्हा वाटलं, देवयानी माझी खरडपट्टी काढील. तिने सगळं ऐकून घेतलं. पडदे मीच ओढलेले, खिडकी मीच लावलेली, ती बाळाला घेऊन अंधारात बसली होती. म्हणाली, "आई, त्याला एक दिवस कोंडलंस तर त्याचं असं झालं. मी महिनाभर आत आहे." आणि रडायला लागली. ती बाथरूममध्ये नळ सोडून रडते, हे मला रोज ऐकू येत होतं, ताई. मी म्हणायचे वात झालाय, आणि आणखी एक लाडू पुढे करायचे. इथल्या नर्सबाईंनी आल्या दिवशी सांगितलं होतं की हिला बाहेर फिरवा. मला वाटलं, यांना काय कळतंय बाळंतपणातलं. उतारावर पडले तेव्हाही एवढी भ्याले नव्हते मी.

दुसऱ्या दिवशी तिच्या कानाला रुमाल बांधला, बाळाला गाडीत गुंडाळलं आणि सडा दाट टाकून तिला फाटकापर्यंत नेलं. आता रोज येते. काल जेराल्डराव सुटल्या सुटल्या दौडत निघाले, मध्येच घसरून कुत्र्यासारखे बसले, आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघत उठले. देवयानी टाके धरून हसली. मी आल्यापासून तिचं हसणं ऐकलं नव्हतं. सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण बर्फात नेली हे मधुमतीबाईंना कळलं तर त्या मिळेल त्या विमानाने येतील आणि आल्या आल्या खिडकी लावून घेतील. बाई वाईट नाहीत गं. अगदी माझ्यासारख्या आहेत, म्हणून तर मला भीती वाटते.