दिवा विझवल्यावर

मी, वय वर्षे बहात्तर, निवृत्त हिरे-तपासनीस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहीत आहे. रागाने बुद्धी जाते असे वकिलांना वाटते. माझी ठिकाणावर आहे. याआधीचे मृत्युपत्र, ज्यात सारे काही धाकट्या भावाला दिले होते, ते रद्द समजावे.

आधी एक दुरुस्ती. माझ्या उजव्या हाताची तीन बोटे चुकून दारात सापडली, असे मी दवाखान्यात सांगितले होते. आयुष्यात तेवढे एकच खोटे मी नोंदवले.

भावाच्या पेढीवर मी खडे तपासत असे. गिऱ्हाइकापुढे तो खड्याला तपासणीचे पेन टेकवायचा आणि ते वाजले की म्हणायचा, "अस्सल खाणीतला!" पेनाला काय कळते? प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही हिराच. त्यालाही ते वाजते. मी यूव्ही दिवा लावून विझवला. खडा अंधारात निळा चमकतच राहिला. खाणीतल्याची चमक सहसा अशी रेंगाळत नाही. मोठ्या यंत्रानेही तेच सांगितले.

"ताई, प्रमाणपत्रावर नैसर्गिक लिही."

"मेले तरी नाही."

त्याने माझा हात तिजोरीच्या चौकटीत धरला आणि दार लोटले. दोनदा. शाळेतल्या नन्सची पट्टी त्यापुढे गोंजारणे होते. दाराला अडसर म्हणून ठेवलेले लोखंडी वजन मी डाव्या हाताने उचलले आणि त्याच्या तोंडावर हाणले. नेम कपाळाचा होता. चुकला, याची खंत आहे.

आता माझ्या खुर्चीत त्याची मुलगी बसते. मंगळवारी ती आली, ओठ फाटलेला.

"आत्या, खडा चमकतच राहिला. मी तसंच लिहिलं."

"मग?"

"बाबा म्हणाले, आत्यावर गेलीस. पुढच्या वेळी तिजोरी आहेच."

मी तेव्हा गप्प बसले, त्याचे हे फळ.

म्हणून घर, बँकेतली ठेव आणि दिवा भाचीला. तिने माझ्या मरणाची वाट पाहू नये. आजच राहायला यावे. कुलूप बदलले आहे. वजनही तिलाच, दारामागे, डाव्या हाताला लागेल असे ठेवले आहे.

भावजयीला माझे श्रवणयंत्र. शेजारच्या खोलीत असून तिला दोन्ही वेळा काही ऐकू आले नाही.

भावाला त्याचे दोन दात. हिऱ्यांच्या पुडीत नीट बांधून ठेवले आहेत. वर लिहिले आहे: नैसर्गिक. नग दोन. तुटके. दिवा विझवल्यावर चमकत नाहीत.

साक्षीदार:
१. दंतवैद्य. भावाचे नवे दात यांनीच बसवले. जुने पाहताच ओळखले.
२. शेजारीण, निवृत्त परिचारिका. दवाखान्यात माझी बोटे हिनेच बांधली. दाराची गोष्ट हिला तेव्हाही पटली नव्हती.

स्थळ: माझे स्वयंपाकघर, कडी आतून लावलेली.
दिनांक: १२ जून, गुरुवार.

सही डाव्या हाताची आहे. उजव्या हाताची त्याला हवी होती, मिळाली नाही.