शेवटच्या घराला शेजारी नसतो

फाल्गुन शु. ४, रवि.
देवळात बैठक. पालखी आधी कोणाच्या घरी, यावर दर शिमग्याला होतं तेच झालं. शेवटी विठूअण्णा गावकारांनी तोडगा काढला: ज्या घरात सर्वांत वयस्क माणूस, ते घर पहिलं. म्हाताऱ्यांना ताटकळायला नको. क्रम लावायचं काम माझ्याकडे. म्हटलं, संगणकावर बेसिक भाषेत लावतो. तरुणपणी महाडच्या क्लासात शिकलेली तेवढीच एक विद्या. लेक सायली पुण्याहून फोनवर, "बाबा, एक्सेलमध्ये दोन बटणं दाबली की होतं." होत असेल. देवीचं काम आयत्या बटणावर कशाला.

शु. ६, मंगळ.
प्रोग्राम झाला. प्रत्येक घराला एक खण, खणात थोरल्या माणसाचं जन्मसाल. यंत्र शेजारचे दोन खण पडताळतं, उलटे असले तर अदलाबदल. महाडहून प्रिंट काढून आणली, देवळाच्या खांबाला चिकटवली, मग नीट पाहिली. पहिली ओळ कोरी. साल ०. कागद काढायला गेलो. विठूअण्णांनी हात जोडले. "पहिली जागा देवीला रिकामी ठेवलीस, बरं केलंस. तिच्याहून थोर कोण हाय?" मी मान डोलावली. स्तुती फुकट मिळाली की...

शु. ७, बुध.
स्तुती एक दिवस टिकली. चुलतभाऊ दत्ता दारात. यादीत त्याचं घरच नाही. दिवाळीनंतर काकी गेली, आता घरात थोरला तोच, म्हणजे गावात शेवटचा नंबर. बांधावरून आमचं बोलणं बंद होतं, आज बोलला.
"तुझ्या मशिनीला माझंच घर दिसलं नाय काय रे? आयेच्या मागं पयली पालखी हाय माझी."
वीर स्टेशनला जाऊन गाडी धरतो, शिमगा तुम्हीच करा, म्हणाला. ही आतून, "आता दोन भांडणं झाली. एक बांधाचं, एक बेसिकचं."

शु. ८, गुरु.
पूजा करताना चूक सापडली. FOR I = 1 TO N. N म्हणजे घरांची संख्या. शेवटच्या घराला पुढे शेजारी नसतो, आणि मी यंत्राला त्याच्याही पुढचा खण बघायला लावलं. तो रिकामा, साल शून्य, म्हणजे गावातला सर्वांत म्हातारा! सरकत सरकत तो पहिला झाला आणि दत्ता ढकलला गेला छपाईबाहेर. एक अलीकडे थांबायचं होतं, N-1 ला. थांबलो. दत्ता यादीत आला, कोरी ओळ गेली. विठूअण्णा: "देवीची जागा का रं काढलीस?"

शु. ९, शुक्र.
बेसिकमध्ये एकच्या आधी शून्याचा खण असतो. तिथे देवीला बसवलं. जन्मसाल काय घालणार? शून्य लिहायला हात धजेना. देवळाच्या जीर्णोद्धाराचं साल घातलं. पण अदलाबदलही शून्यापासूनच सुरू केली. देवी घसरली, तिच्या जागी यमुनाकाकू, गावातल्या सर्वांत थोर, जीर्णोद्धाराआधी जन्मलेल्या. नशीब, छापण्याआधी पाहिलं. उदबत्ती लावून क्षमा मागितली. एकपासून सुरू केलं. आता देवीला कोणी हलवत नाही.

शु. १२, सोम.
नवी प्रत घेऊन दत्ताकडे. गेला नव्हता, पण बॅग ओटीवर भरलेली. त्याला शेजारी, रिकामा खण, सगळं समजावलं. शांतपणे ऐकलंन.
"मशिनीला समजत नाय, मान्य. तुला म्हायती हाय ना शेवटी कोण? चिकटवायच्या आधी वाचून बघितलं नाय?"
मग म्हणाला, "पालखी येऊ दे. आयेनं देवीला साडी घेऊन ठेवलीय, ती द्यायची हाय. तू अंगणाच्या गडग्याबाहेर थांब."

वद्य १, शुक्र.
देवळाकडे ढोल सुरू. शेवटच्या घरापर्यंत पालखीचा पुढचा खांदा आमच्या घराण्याकडे. तो मान पिढ्यांचा, त्याला बेसिक लागत नाही. दत्ताच्या गडग्यापाशी, त्या दगडी कुंपणाशी, पालखी दुसऱ्याच्या खांद्यावर देणार का, हिनं विचारलं. जुनी माणसं म्हणतात, पालखी खांद्यावर असली की ती ओढील तिकडे पाय जातात. सदरा घालतो. गडग्यापर्यंत तरी मीच.