फोनने मान्य केलेली हयात

विश्रांतवाडी, पुणे

सौ. मुक्ताबाईस आशीर्वाद.

डोळ्याची पट्टी निघाली. काळजी नसावी.

निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला आता फोनला चेहरा दाखवून मिळतो. फोटोसाठी बसतात तसा मी टोपी घालून ताठ बसलो. फोनने तीनदा नाकारले. चि. शंभू म्हणाला, "बाबा, आता गावी जाऊन साहेबांपुढेच उभं राहावं लागणार." डॉक्टरांनी तर प्रवास वर्ज्य सांगितला आहे.

सूनबाई हसली. "अहो बाबा, पापणी तरी लववा! फोनला वाटतंय, भिंतीवरची तसबीरच आहे."

पापणी लवताच दाखला हजर! टोपी मी काढली नाही. यंत्र समजूतदार आहे.

गुडघ्यास तेल लावतेस ना? माझी हयात आता सरकारदरबारी नोंदली गेली आहे. तेव्हा कुंकू ठळक लावावे.

तुझा,
उत्तरेश्वर